मोहरीएवढी गोळी

विट्याच्या नाथाजीनं तीस वर्षं कोइमतूरला सोन्याची गलाई केली, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. आता तो गावी परतला होता, पण भट्टीचं सामान घरीच होतं. दुकानातला केरसुद्धा तो कधी फेकायचा नाही; जाळायचा आणि राखेतून शेवटचा कण काढायचा. गलाईवाल्याचा धर्मच तो.

लेक राजेश्वरी साताऱ्यात रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. प्रयोगासाठी सांगलीला निघालेली, वाटेत एक दिवस घरी उतरली. पिशवीत काळ्या भुकटीची कुपी होती.

"आबा, कोळशावर पॅलेडियम बसवलंय. बेंझिनचं कडं लय हट्टी, सहजासहजी कुणाशी जुळत न्हाई. ह्यो धातू त्याला धरून जागं करतो, मग त्याला नवा तुकडा जोडता येतो. आठ महिने लागलं ह्या भुकटीला."

ती मैत्रिणीकडं गेली आणि नाथाजीनं कुपी उघडली. पॅलेडियम त्याच्या ओळखीचं. पांढऱ्या सोन्यात घालतात. पोरीला ते कोळशातून सोडवायला जमलं नसेल, असं त्यानं धरलं. भुकटी जाळली, राख ऑक्सिजनच्या ज्योतीवर वितळवली आणि ती परतल्यावर मोहरीएवढी लखलखीत गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

"घे. एक कण वाया घालवला न्हाई."

राजेश्वरीनं रिकामी कुपी उलटी करून बघितली. "आवं आबा, कण सुटे हुते म्हणून काम करत हुते. गोळा झाला की संपलं. इचारायचं तरी!"

ती आणखी ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं गोळी रुमालात बांधली आणि पिशवीत ठेवली.

तीस वर्षं तो दिवाळीला चार दिवस घरी यायचा. लेकीच्या शिक्षणाला त्याचा स्वतःचा हात लागला, तो हा एवढाच.