साडूंचा आडोसा

वाऱ्याशी वैयक्तिक भांडण असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. गंगापूरकडच्या शेतकरी घरातला हा माणूस. वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाला, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून बजाजनगरातच राहतो. वय सदुसष्ट, वजन बावन्न किलो. माझं वजन चौऱ्याऐंशी आहे. हे आकडे पुढे उपयोगी पडणार आहेत, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी सायकल आणली आणि तिसऱ्या दिवशी मला आणायला लावली. तेव्हापासून दर हिवाळ्यात, दर रविवारी, कुत्रीसुद्धा अंग चोरून पडलेली असतात अशा वेळी आम्ही दोघं सायकलवरून गंगापूरला जाऊन येतो. कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. तिथं पोचून ते एक कप चहा पितात, येणाऱ्या-जाणाऱ्या चार लोकांना 'काय, बरंय का' विचारतात आणि म्हणतात, "चला साडूभाऊ, आता त्याची खबर घेऊ." तो म्हणजे वारा.

आता गंगापूरच का, यावर माझा पहिला आक्षेप आहे. थंडीत आमच्याकडे वारा ईशान्येकडून वाहतो. गंगापूर बजाजनगरच्या नैर्ऋत्येला आहे. याचा अर्थ जाताना वारा पाठीवर आणि येताना, अंगातला दम संपल्यावर, थेट तोंडावर. कोणताही विचारी माणूस आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जाईल आणि येताना आरामात येईल. हे मी त्यांना कागदावर बाण काढून दाखवलं आहे. त्यांनी कागद नीट पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि मलाच विचारलं, "आपल्या गावाकडं जाताना कुणी धापा टाकत जातं व्हय?" यावर बाण काढून उत्तर देता येत नाही. बरं, वारा पाठीवर असला की त्यांच्या मते तो वाराच नसतो. ताशी चोवीसच्या वेगानं सायकल पळत असते आणि हे स्वतःच्या पोटऱ्यांकडे कौतुकानं बघत म्हणतात, "आज पाय कसे मोकळे झालेत बघा!" परत फिरलो की पहिल्याच वळणावर, "आलं का बेणं! मला माहीत व्हतं, इथंच दबा धरून बसलं असणार." पुढचे सव्वीस किलोमीटर ते वाऱ्याशी बोलतात. त्याची लायकी काढतात, त्याच्या खानदानापर्यंत जातात. आणि हे सगळं ऐकायला वारा थांबत नाही. मी ऐकतो.

थंडी मोजण्याची त्यांची रीत तर माझ्यासारख्या माणसाला सहन होण्यासारखीच नाही. मी कारखान्यात सव्वीस वर्षं तयार मालाची मापं तपासतो. माझ्या बाल्कनीत अर्ध्या अंशापर्यंत बिनचूक दाखवणारा तापमापक आहे. दाजी मात्र पहाटे उठून खोबरेल तेलाची बाटली दिव्यासमोर धरतात. तेल बुडाशी गोठलं असेल तर नुसतं स्वेटर. अर्ध्यापर्यंत गोठलं असेल तर कानटोपी. बाटली उलटी केली तरी ढिम्म हलत नसेल तर कानटोपीवरून मफलर आणि हातांत आक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, विणलेले लोकरीचे पायमोजे. हो, हातांत पायमोजे, कारण हातमोज्यात म्हणे बोटं एकटी पडतात. एकदा मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आज साडेनऊ अंश आहे, बाटलीची गरज नाही. ते म्हणाले, "तुमच्या त्या नळीला थंडी वाजती का? तेलाला वाजती." मागच्या डिसेंबरात आक्कांनी बाटली चुकून गॅसशेजारी ठेवली होती. तेल पातळ. दाजी नुसत्या सदऱ्यावर निघाले. वाटेतलं लिंबेजळगाव येईपर्यंत दातांचा आवाज सायकलच्या साखळीपेक्षा मोठा झाला होता. तरी हा माणूस म्हणतो काय, "थंडी नाय हो, मला जुना हिवताप हाय."

पण या सगळ्याहून मला ज्याचा संताप आहे ती गोष्ट म्हणजे माझा पेपर. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घातली की वारा आत शिरत नाही, हे त्यांचं म्हणणं. हे खरं आहे. मी स्वतः करून पाहिलं आहे आणि खरं असेल ते मी नाकारणार नाही. प्रश्न इतकाच की पेपर माझाच का? त्यांच्या घरी पेपर येतो. पण तो आक्का वाचतात, आणि "तिच्या पेपराला हात लावला तर वारा बाहेर नाय, घरात सुटतो," असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. त्यामुळे ते सव्वासहाला माझ्या फाटकात येतात, पेपर उचलतात, चार घड्या घालतात आणि आत सरकवतात. माझी रविवारची पुरवणी मी वाचण्याआधी बावन्न किलोमीटर फिरून येते. दहा वाजता ती मला परत मिळते. ओलसर, कोमट, त्यांच्या बरगड्यांच्या आकारात वाकलेली. एकदा शब्दकोड्याचा वरचा उजवा कोपरा गायबच होता आणि तो त्यांच्या बनियनवर उलटा उमटलेला सापडला. मी बनियन मागून कोडं सोडवावं की काय? शेवटी मी तोडगा काढला आणि रविवारी पेपरच्या दोन प्रती टाकायला सांगितल्या. पुढच्या रविवारी दाजींनी दुसरी प्रत पाठीला घातली.

आणि आता आडोशाचं. माझ्याकडे एक वही आहे. तीत प्रत्येक फेरीचं अंतर, सरासरी वेग, किमान तापमान आणि शेरा असे रकाने आहेत. पहिला हिवाळा संपल्यावर मी वही घेऊन बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की येताना, म्हणजे वारा तोंडावर असताना, पूर्ण सव्वीस किलोमीटर मी पुढे असतो आणि दाजी माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर. एकदाही, एक किलोमीटरसुद्धा, ते पुढे आलेले नव्हते. मी वाऱ्याशी झुंजत होतो आणि ते माझ्या पाठीमागे बसून त्याला शिव्या देत होते! मी जाब विचारला तर शरमायचं सोडून ते खुलले. "तुम्हाला सांगू का साडूभाऊ, तुमची पाठ म्हंजी झेडपीच्या शाळेची भिंत हाय. लई निवांत वाटतं." यात माझ्या वजनाचा उल्लेख आहे हे मला कळलं. मी दोन दिवस बोललो नाही. रविवारी ते आले, पेपर उचलला, आणि मी सायकल काढली.

या माणसाच्या सायकलीवर एक टांगती अट होती. ती आक्कांनी घातलेली. पहिल्या हिवाळ्यात दाजी पुलावर वाऱ्याला मागे वळून काहीतरी सुनावताना पडले. दुसऱ्या हिवाळ्यात हातातल्या पायमोज्यांमुळे ब्रेक सापडला नाही आणि ते बाभळीत गेले. हनुवटीला सहा टाके पडले. तेव्हा आक्कांनी चहाचा कप माझ्या हातात देत सांगितलं, "भाऊजी, दोन झाले. तिसऱ्यांदा पडले की सायकल गच्चीवर, तिला साखळी, आन् किल्ली माझ्यापाशी. मोजायचं तुम्ही. यांच्या बोलण्यावर माझा भरोसा नाय. तुमच्या आकड्यावर हाय." हे ऐकून मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. टाके निघेपर्यंत दाजी तीन रविवार घरी होते. मी गेलो की बाल्कनीत भिंतीकडे तोंड करून बसलेले दिसत. बाहेर वारा होता. त्याला ते एक शब्दही बोलत नव्हते. ते पाहून मला आक्कांचीही काळजी पटत होती आणि दाजींचीही दशा बघवत नव्हती, आणि माझ्यासारख्या माणसाला एकाच वेळी दोन्ही पटणं फार त्रासाचं जातं.

या जानेवारीतल्या एका रविवारी परत येताना वारा असा होता की माझ्या मीटरवर ताशी अकराच्या वर काटा जाईना. इतक्यात शेतरस्त्यावरून उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आमच्या पुढं आला. मागची ट्रॉली म्हणजे हलती भिंतच. दाजींनी एकदा ट्रॉलीकडे पाहिलं, एकदा माझ्या पाठीकडे पाहिलं आणि मला सोडून ट्रॉलीमागं गेले. इतके हिवाळे ज्या पाठीमागं काढले, ती मोठा आडोसा दिसताच एका क्षणात सोडली! मी ओरडलो, "दाजी, अंतर ठेवा! तो ब्रेक मारेल!" ते मजेत हात हलवत म्हणाले, "या की तुम्ही बी, इथं वाराच नाय!" आणि मग त्या हातानं, सदुसष्ट वर्षांच्या माणसानं, मागं लोंबणारा एक ऊस धरून ओढला. लहानपणी बैलगाडीतून ओढायचे तसा. बैलगाडीतला ऊस तुटायचा. हा तुटला नाही. अख्खा बाहेर आला, दहा फूट, हँडलवर आडवा पडला, सायकल दोनदा नागमोडी गेली आणि दाजी रस्त्याकडेच्या मातीत बसले. ट्रॅक्टर निघून गेला. त्याला पत्ताही नव्हता.

मी धावत गेलो. गुडघा सोललेला, माझा पेपर छातीपाशी फाटून बाहेर आलेला. ते म्हणाले, "ऊस चांगलाय." मग हातपाय हलवून पाहिले. सगळं जागेवर होतं.  ट्रॅक्टरनं ब्रेक मारला असता तर काय झालं असतं, मागून गाडी आली असती तर काय, हे सगळं मी आवाज चढवून सांगितलं. मला खात्री होती की आता ते म्हणतील, हे पडणं नाय, हे बसणं हाय. त्यावरचं माझं उत्तरही तयार होतं.  पण हातातला पायमोजा काढून गुडघ्यावर दाबत त्यांनी हळूच विचारलं, "साडूभाऊ, हे मोजायचं का?"

मी म्हणालो, "पडणं ते पडणं."

"व्हय," ते म्हणाले. "पडलोच की."

एवढंच. मग उठून त्यांनी तो ऊस मोडून तीन तुकडे केले, कॅरियरला बांधले आणि माझ्या मागं आले. राहिलेले एकोणीस किलोमीटर ते वाऱ्याला एक शब्द बोलले नाहीत. मी दोनदा मागं वळून पाहिलं. ते रस्त्याकडे नाही, सायकलच्या हँडलकडे बघत होते.

आक्का दारातच उभ्या होत्या. "किती?" त्यांनी मला विचारलं.

"बावन्न किलोमीटर चारशे मीटर," मी म्हणालो. "तापमान साडेनऊ."

"ते नाय विचारलं भाऊजी. पडणं किती?"

सव्वीस वर्षांत मी एकही माप खोटं लिहिलेलं नाही. साहेब समोर उभे राहिले, माल अडकला, तरी नाही. मी म्हणालो, "दोन."

"जुनेच?"

"जुनेच."

त्यांनी दाजींच्या फाटलेल्या पायजम्याकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं, कॅरियरवरच्या उसाकडे पाहिलं. "आन् हा ऊस?"

"मिळाला," मी म्हणालो.

आक्कांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घाम पुसा भाऊजी. तुम्हाला जमत नाय ते. चहा टाकते." आत जाऊन त्यांनी हळदीची वाटी आणली आणि दाजींसमोर ठेवली.  निघताना मी दाजींना फाटकाबाहेर बोलावलं आणि बजावलं, "परत ट्रॉलीमागं गेलात तर मी आकडा दुरुस्त करीन. त्याच दिवशी." त्यांनी छातीवर हात ठेवला. तिथं माझा पेपर अजून होताच. "नाय जाणार," ते म्हणाले.

मला या गोष्टीचा आजही राग आहे. माझं आयुष्यभराचं एक नाव या माणसानं एका उसासाठी घालवलं. पुढच्या रविवारी मी ठरवून मोजकं बोललो. गंगापूरला चहा झाला, परत फिरलो, वळणावर वारा तोंडावर आला, आणि दाजी माझ्या बाजूनं धापा टाकत, पायडलवर उभे राहून पुढं गेले. "आज तुम्ही मागं या," ते म्हणाले. बावन्न किलोचा माणूस. त्यांच्या डाव्या बाजूनं वारा येत होता, उजव्या बाजूनं येत होता, काखेखालून येत होता, आणि मफलरचं टोक माझ्या तोंडावर फटफट आपटत होतं. असे ते तीन किलोमीटर दोनशे मीटर पुढं होते. मला केव्हाच पुढं जाता आलं असतं. मध्येच मागं न वळता त्यांनी ओरडून विचारलं, "लागतोय का हो वारा?"

"अजिबात नाही," मी म्हणालो.

वहीत त्या दिवशीचा सरासरी वेग आतापर्यंतचा सर्वांत कमी आहे. तो आकडा खरा आहे. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, वारा नव्हता.