बॉर्डर मागं ऱ्हायली!

आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चहाची सुट्टी दहाच मिनिटांची. तरी नेपाळच्या ट्रिपचा विषय काही संपत नाही. गेलो आम्ही चौघंच, पण एकानं किस्सा सुरू केला की बाकीचे तिघं "तसं नव्हतंच ते!" म्हणून मध्ये पडतात, आणि एकाचे चार किस्से होतात. आज ते तिघं जवळपास नाहीत, तोवर मीच सांगून टाकतो.

मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला. सिद्धाराम अण्णा आणि नरसय्या लूमवर. रफिकभाई मालाचा टेम्पो चालवतात. अण्णांच्या घरी कानडी, नरसय्याच्या घरी तेलुगू, रफिकभाईंची दखनी. अण्णांना पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं होतं, आणि विमान कुणालाच परवडणारं नव्हतं. "रेल्वेनं जाऊ, बसनं जाऊ, बॉर्डर चालत वलांडू की!" अण्णा म्हणाले. दिवाळीत लूम बंद होते. निघालो.

रफिकभाईंना विचारलं, तुम्ही कशाला येताय? म्हणाले, "मेरेकू पहाडां देखने हैं. सोलापुरात एक तरी हाय का?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी एका जंक्शनवर गाडी बराच वेळ थांबली आणि निघाली ती उलट्या दिशेनं! खिडकीशी बसलेला नरसय्या ताडकन उठला. "उतरा, उतरा! गाडी माघारी चाललीय!" त्यानं बर्थवरची पिशवी ओढली. त्याचं बघून समोरचं एक अख्खं कुटुंब झोपेतून उठून सामान आवरायला लागलं. शेवटी टीसीनं येऊन सांगितलं की फक्त इंजिन दुसऱ्या बाजूला लावलंय, गाडी गोरखपूरलाच चाललीय.

नरसय्या बसला खरा, पण दिवसभर प्रत्येक स्टेशनची पाटी वाचत होता. मी म्हटलं, "आता काय बघतोस?"

"कुर्डुवाडी आली की सांगतो!"

*

गोरखपूरहून बसनं सोनौलीला निघालो. वाटेत अण्णांनी आमची तयारी करून घेतली. ऑफिसर काय विचारेल, आपण काय सांगायचं, सगळं पाठ. वोटर कार्डं शर्टाच्या वरच्या खिशात.

उतरून चालू लागलो. ट्रकांची रांग, सायकलरिक्षा, डोक्यावर पोती घेतलेली माणसं, मध्येच एक कमान. चाललो, चाललो, पण बॉर्डर काही येईना. शेवटी रफिकभाईंनी एका पानवाल्याला विचारलं. त्यानं आमच्या पाठीमागं बोट दाखवलं. "वो तो पीछे रह गया. आप नेपाल में खड़े हैं!"

अण्णांचा चेहराच उतरला. "आसं कसं? मला कुणी काय इचारलंच न्हाय की!"

ते तडक माघारी फिरले. कमानीपाशी उभ्या जवानापुढं त्यांनी वोटर कार्ड धरलं. तो न बघताच म्हणाला, "जाइए, जाइए." अण्णा हलेनात. "अरे देखो तो सही! इतना दूर से आया है!" कंटाळून जवानानं कार्ड घेतलं, फोटो बघितला, अण्णांकडं बघितलं आणि विचारलं, "फोटो में मूँछ है. अब क्यों नहीं है?"

ह्या प्रश्नाची तयारी आमची कुणाचीच नव्हती!

*

काठमांडूची बस दहाला होती. अण्णांच्या मनगटावरच्या घड्याळात दहाला पाच कमी असताना आम्ही चहा संपवून स्टँडवर पोचलो, तर बस गेलेली! तिकीटवाल्यानं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. नेपाळ आपल्या पंधरा मिनिटं पुढं असतं म्हणे.

अण्णा भडकले. "पाच-सहा तासांचा फरक आसला तर समजू शकतो. पंधरा मिनिटांसाठी कशाला येगळी येळ?"

त्यानं बिचाऱ्यानं पुढच्या बसची तिकिटं दिली. नरसय्यानं तारीख वाचली आणि घाबरून अण्णांच्या हातात तिकीट ठेवलं. साल दोन हजार ऐंशीच्याही पुढचं! तिकडं विक्रम संवत चालतं, हे आम्हाला कुठं माहीत?

"पंधरा मिनिटं उशीर झाला," अण्णा म्हणाले, "तर डायरेक्ट पन्नास वर्षांनंतरची बस देतोय की हा!"

*

आता ह्या नरसय्याचं ऐका. त्याची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तारीख पंधरा दिवस पुढची होती म्हणून तर तो निघाला होता. आणि गोरखपूरला फोन आला, तिला दवाखान्यात नेलंय! बॉर्डर ओलांडली आणि मोबाईलची रेंज गेली. नरसय्या फोन वर धरून रेंज शोधत शोधत एकटाच कमानीकडं चालत गेला. इकडं बस हॉर्न द्यायला लागली. मी आणि अण्णा ड्रायव्हरच्या हातापाया पडतोय, रफिकभाई त्याला शोधायला पळाले.

नरसय्या कमानीपलीकडं, म्हणजे पुन्हा भारतात सापडला. फोन कानाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. तेलुगूत काहीतरी बोलत होता. रफिकभाईंना त्यातला एकच शब्द कळला. पाप!

त्यांनी त्याला मिठीच मारली. काही विचारायचा धीर होईना. तसंच धरून बसपाशी आणलं. दोघंही रडत होते. अण्णा ड्रायव्हरला सोडून धावत आले. "रफिक, काय झालं रं?"

"पता नहीं अण्णा. लई मोठं पाप झालंय बोलरा!"

नरसय्यानं डोळे पुसले. "अरे, पाप म्हंजे आमच्यात लहान पोरगी! नात झाली मला!"

*

अण्णांचं दर्शन झालं. रफिकभाई तेवढा वेळ बाहेर आमच्या चपला सांभाळत बसले. पण त्यांचे पहाड? तीन दिवस रोज गच्चीवर जाऊन ते हिरमुसून खाली यायचे. शेवटच्या सकाळी लॉजच्या मालकानं त्यांची हनुवटी धरून मान वर केली.

"हौ रे!" रफिकभाई ओरडले. "मैं तो तीन दिन से उसकू ढग समझरा था!"

*

परतीच्या बसमध्ये एक म्हातारी होती. बॉर्डरला उतरल्यावर तिनं गाठोडं अण्णांच्या हातात दिलं आणि रफिकभाईंचा दंड धरून चालायला लागली. कमान ओलांडली. गोरखपूरच्या बसमध्ये ती आमच्यातच बसली. मी तिला खिडकी दिली, नरसय्यानं केळी सोलून दिली. गाडी निम्म्यात आल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "रफिक, तुझ्या वळखीची का रं?"

"मेरी? मैं समझा नरसय्याची!"

नरसय्याला वाटत होतं माझी. मला वाटत होतं अण्णांची!

झालं, आमचं सुरू. हिंदीत विचारलं, गाव कुठलं, घरी कोण. ती नुसती हसायची. मग आम्ही मराठीत वाद घालायला लागलो. पोलिसांकडं न्यावं का? तिच्या घरची तिकडं शोधत असतील का? "येडी हाय बिचारी," अण्णा कळवळून म्हणाले, "आशी कशी सोडायची?" शेवटी ठरलं, तिचं कुणी भेटेपर्यंत आपण गाडी पकडायची नाही, चुकली तर चुकली.

गोरखपूर स्टेशनसमोर उतरलो. म्हातारीनं अण्णांच्या हातातून गाठोडं घेतलं, काखेला मारलं आणि आम्हा चौघांकडं एकेक करून बघितलं.

"येडी न्हाय रं मी," ती म्हणाली. "मान्सं चांगली हायसा, पर लई बोलता!"

आणि गर्दीत गेली.