घराची खोड

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. विकून पाहावं असं कुणी म्हणत नाही. म्हणणाऱ्यांनी बहुतेक ते कधी विकलंच नसावं.

देऊळघाटच्या रस्त्याला आमचं पहिलं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि अंगणाखाली पाण्याचं टाकं. ह्यांची बदली अकोल्याला झाली, तिथे फ्लॅट घेतला, हे घर विकेपर्यंत मी मागेच राहिले आणि एकाच पगारातून दोन घरांचे हप्ते जाऊ लागले. विकायला पाहिजे हे मलाही कळत होतं. पण कळून काय होतं? रविवारी गिऱ्हाईक येणार म्हटलं की शनिवारपासून माझा जीव थाऱ्यावर नसायचा. झाडलेलंच पुन्हा झाडायची, आणि एवढं लख्ख घर त्यांना आवडलं तर, म्हणून स्वतःवरच चिडायची.

मग मी एक युक्ती काढली. चहाचे कप ठेवता ठेवता सहज म्हणायचं, "नळ मात्र दहा दिवसानं येते हो." खोटं काहीच नव्हतं. पुण्याहून परत आलेलं एक जोडपं तर अर्धा चहा टाकून उठलं.

ते गेल्यावर हे भडकले. "तू काऊन सांगतं पाण्याचं? घर विकाचं हाय का नाही आपल्याले?"

"इचारलं तं सांगा लागते."

"कोणी इचारलं होतं?"

कुणीच नाही. मी कप विसळायला आत गेले. ह्यांनी किंमत चांगली लाखभर खाली आणली. पैसे गेले म्हणून हळहळ आणि गिऱ्हाईक गेलं म्हणून आनंद, दोन्ही एकाच पोटात.

नंतर बीबी गावाकडचे नवराबायको आले. माझं पाठ झालेलं वाक्य मी म्हटलं. बाई ताडकन उठल्या. मनात म्हटलं, चला, हेही गेले. पण त्या अंगणात गेल्या.

"टाकं कोठी हाय, ताई?"

मी दाखवलं. त्यांनी वाकून स्वतःच झाकण सरकवलं आणि आत पाहत राहिल्या.

"हे सारं आपल्या एकट्याचं?"

"हाव."

"आम्ही तं उन्हाळाभर टँकरमांगं पळतो." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "इसार देऊन टाका."

मला त्या बाईचा भयंकर राग आला. इतकी वर्षं ज्या टाक्याच्या नावानं मी बोटं मोडली, त्याच्याकडे असं पाहायला ही कोण? त्यात माझ्याच जिभेनं तिला घर स्वस्तात मिळालेलं.

खरेदीच्या आदल्या दिवशी नळ आला. मी पाइप टाक्यात सोडला आणि पाणी काठाला लागेपर्यंत पायरीवर बसून राहिले.

"आता कायले भरून राह्यली?" हे म्हणाले. "उद्या तं चावी द्याची हाय."

"तिले दहा दिवस पुरीन."

बोलून गेले, आणि मग मला कळलं की घर विकलं गेलं.