टायरची स्थिती उत्तम

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असंही मला वाटत नाही. नोकरीत खून, दरोडे, घरफोड्या पुष्कळ पाहिल्या. त्यातली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे मात्र साधं अपघाताचं प्रकरण होतं, आणि त्यात मी सरळसरळ चुकलो होतो. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यातली माणसं अजून त्याच भागात राहतात.

माझं ठाणं तेव्हा खालापूर तालुक्यात होतं. एक्स्प्रेसवे, जुना हायवे, कारखान्यांकडे जाणारे रस्ते, त्यामुळे अपघात आमच्या पाचवीलाच पुजलेले. ठाणे अंमलदाराच्या खणात पंचनाम्याचा एक जुना नमुना कायम असायचा. नवा अपघात झाला की जागा आणि गाडीचा नंबर बदलायचा, बाकी मजकूर तोच. रस्ता डांबरी व कोरडा, ब्रेक ठीक, टायरची स्थिती उत्तम. हे शेवटचं वाक्य मी किती वेळा सांगून लिहून घेतलं असेल याचा हिशेब नाही. टायरकडे वाकून बघितल्याचे प्रसंग मात्र बोटांवर मोजता येतील.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारी तीनच्या सुमारास फोन आला की चौक गावाहून कर्जतला जाणाऱ्या रस्त्यावर एका वळणावर मोटारसायकलस्वार पडलाय. आम्ही पोचलो तेव्हा तो गेलेला होता. मोहोपाड्याच्या कंपनी कॉलनीत राहणारा, तिशी ओलांडलेला माणूस. रजा साठवून मोटारसायकलवर लांबच्या प्रवासाला निघाला होता. गाडीला दोन्ही बाजूंनी बॅगा, अंगात जाड जॅकेट, डोक्यावर चांगलं हेल्मेट, गुडघ्यांना पॅड. इतकी काळजी घेणारा माणूस घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर मेला याचं मला वाईट वाटलं.

रस्त्यावर भाताचा पेंढा सांडला होता. अपघात होताना कुणी पाहिला नव्हता, पण पेंढ्याचा टेंपो समोरून आला होता आणि तो थांबून मग निघून गेला, एवढं शेतातल्या दोघांनी सांगितलं. प्रेतावर कुणीतरी ताडपत्री घातली होती. मागचा टायर फाटून खाली बसला होता. आपटल्यावर टायर फाटतोच, असं मी धरून चाललो. वरच्या नक्षीवर बोट फिरवलं. खाचा खोल होत्या, रबर काळंभोर चमकत होतं. हवालदाराला म्हटलं, लिहा, टायरची स्थिती उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या एका खबऱ्याचा फोन आला. डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीबाहेर टेंपो उभा होता, पेंढ्याने भरलेला, उजव्या मागच्या चाकावरचा पत्रा चेपलेला. आम्ही गेलो तेव्हा चालक घरातच बसला होता. पळून जाण्याचा त्याने प्रयत्न केला नाही. मुकाट्याने जीपमध्ये चढला.

चाळिशीचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. दुसऱ्याचा टेंपो चालवायचा. मी त्याला समोर उभा करून पहिलाच प्रश्न विचारला, पळालास का? तो म्हणाला, माणसं जमली असती तर मला मारलं असतं. हे खरंच होतं. या रस्त्यांवर अपघातानंतर थांबणाऱ्या चालकाचं काय होतं ते मी स्वतः पाहिलंय. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच म्हण बसली होती, कर नाही त्याला डर कशाला. म्हणींनी तपास होत नसतो, हे मी खूप उशिरा शिकलो.

आपण आपल्याच बाजूने होतो, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मोटारसायकल हलत हलत आली, आडवी झाली आणि घसरत टेंपोच्या मागच्या चाकात शिरली, एवढंच तो सांगायचा. मी तोच प्रश्न दुपारपर्यंत विचारला. त्याला हात लावला नाही, पण माझा आवाज पुरेसा होता. शेवटी तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, "माज्या फुडं मेला साहेब. म्हंजे पाप माजंच की."

मी हवालदाराला सांगितलं, चूक कबूल, लिहून घ्या. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे नव्या शिपायालाही माहीत असतं. तरी ती मिळाली की तपास करणाऱ्याचं डोकं पाय पसरून झोपतं. माझंही झोपलं. ताडपत्री कुणाची होती, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

कलम जामिनाचं होतं. पण जामीन राहायला जमीनजुमल्याचा माणूस लागतो, आणि त्या वाडीत कुणाच्या नावावर सातबारा नव्हता. ज्याच्या नावावर होता तो टेंपोमालक फिरकला नाही. त्यामुळे जामीन मंजूर होऊनही चालक तुरुंगात गेला. त्याची बायको रोज डोंगर उतरून ठाण्यात यायची, फाटकाजवळ बसायची आणि ठाणे अंमलदाराला विचारायची, कधी सोडणार? आम्ही सांगायचो, कोर्टाच्या हातात आहे. आमचं हे उत्तर खोटं कधीच नसतं आणि पूर्ण खरंही नसतं.

मयताचे वडीलही यायचे. कंपनीत फिटर म्हणून उभी हयात घालवून निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. एकुलता एक मुलगा गेला होता. ते रडायचे नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसून विचारायचे, आरोपपत्र कधी जाणार? त्या माणसाचं लायसन गेलं पाहिजे, त्याला शिक्षा झाली पाहिजे, याशिवाय दुसरं काही त्यांना नको होतं. मी त्यांना चहा पाजायचो आणि शब्द द्यायचो. चालकाची बायको फाटकाबाहेर असायची, तिला कधी आत बोलावलं नाही. हे लिहिताना आज माझी मलाच लाज वाटते.

वार्षिक तपासणीसाठी वरिष्ठ येणार होते, म्हणून आवारातली मुद्देमालाची वाहनं एका रांगेत लावायची होती. ती मोटारसायकल मागच्या चाकावर हलेना. चौकच्या नाक्यावर पंक्चर काढणारी एक बाई होती. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यावर दुकान तिनेच उचललं होतं आणि ट्रकचं चाकही एकटी उतरवायची. तिला बोलावून घेतलं. म्हटलं, ताई, ट्यूब टाकून हवा भरता आली तर बघ, नाहीतर चाक काढून दे.

तिने टायर हाताने दाबला, वाकवला आणि तशीच उकिडवी बसून राहिली. मी विचारलं, काय झालं?

"ह्यो टायर कुनी घातला? मेलेला टायर हाय साहेब ह्यो."

मी म्हटलं, नक्षी तर नवी आहे.

"नक्षी नवी, रबर म्हातारा. हे बगा." तिने बाजूचा भाग वाकवला. टाचेला पडतात तशा भेगा तिथे उघडल्या. बाहेरून चोपडा आणि आतून नुसता ठिसूळ. मग तिने ओढणीच्या टोकाने कड पुसली आणि लंबगोलात उठवलेले चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. टायर नऊ वर्षांपूर्वीचा होता.

मी तिला विचारलं, असा लांब पल्ल्याचा टायर किती चालतो? ती म्हणाली की गाडी रोज फिरली तर नक्षी आधी झिजते, आणि ते डोळ्यांना दिसतं, म्हणून माणूस बदलतो. पण गाडी फिरली नाही तरी टायरचं वय थांबत नाही. पाच वर्षं झाली की दर वर्षी वाकवून बघायचा आणि भेग दिसली की टाकून द्यायचा, खाचा कितीही खोल असोत. "लोकं खाचा बगत्यात. वय कोन बगत नाय."

लोकांचं कशाला, पंचनामा करणारा पोलीसही बघत नव्हता.

एवढ्यावर ती थांबली नाही. नखाने तिने एका खाचेतून काहीतरी काढलं आणि तळहातावर धरलं. वाळलेलं हळदकुंकू. रबराचा वासही तिने घेऊन पाहिला. याला कुणीतरी वर्षानुवर्षं तेल पाजलंय, असं ती म्हणाली.

त्याच दिवशी मी घटनास्थळाचे फोटो पुन्हा काढून बसलो. गाडी घासत गेल्याचा ओरखडा मोटारसायकलच्या स्वतःच्या बाजूला, मधल्या पट्ट्याच्या बऱ्याच अलीकडे सुरू होत होता. म्हणजे टेंपोपर्यंत पोचण्याआधीच ती आडवी झाली होती. चालक पहिल्यापासून तेच सांगत होता. फोटो माझ्याच खणात होते. मी मोटार वाहन निरीक्षकांना पुन्हा तपासणीसाठी पत्र दिलं. त्यांचा अहवाल स्पष्ट होता. टायर जुना होऊन कडक झालेला, तेलाने आणखी कमकुवत झालेला, वजनाखाली तापून बाजूने फाटला. ठोकर लागण्याआधीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता.

आता टायर कुठून आला ते नोंदवणं भाग होतं. मी मोहोपाड्याला गेलो. हवालदाराला पाठवू शकलो असतो, पण पाठवला नाही.

वडिलांना वाटलं, आरोपपत्राची बातमी घेऊन आलो. मी टायरचं विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा प्रथमच थोडा सैल झाला. मुलाने नोकरीला लागल्यावर हौसेने दोन भारी टायर आणले होते. एक मोठा प्रवास करून आला आणि टायर काढून ठेवले, रोज कंपनीत जायला साधेच बरे म्हणून. मग लग्न झालं, बदलत्या पाळ्या आल्या, प्रवास जवळचे झाले. टायर तसेच राहिले. यंदा पुन्हा लांब जायचं ठरलं म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी बसवले.

"कुठे ठेवले होते?"

त्यांनी मला गच्चीवरची पत्र्याची खोली दाखवली. पत्रा दुपारचा तापलेला होता. एका कोपऱ्यात पान्ह्यांची पेटी, करवत, कोयता आणि तेलाचा डबा, सगळं ओळीत लावलेलं. ते सांगू लागले. दर वर्षी खंडेनवमीला सगळी हत्यारं खाली काढायची, तेलाच्या फडक्याने पुसायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. मुलाचे टायरही त्यातच. ज्याच्यावर आपलं पोट आणि आपला जीव, त्याची पूजा करायची, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलेलं. टायर असे चकचकीत व्हायचे की मुलगा म्हणायचा, बाबा, हे दुकानातल्यापेक्षा नवे दिसतात.

मी लिहीत होतो. पुढचा प्रश्न माझ्याकडे नव्हता. टायर जुना होता एवढं नोंदलं की चालक सुटत होता, तेलाचा उल्लेख निरीक्षकांच्या अहवालात होताच. मी वही मिटली आणि म्हटलं, काका, झालं काम, निघतो.

ते तेलाच्या डब्याकडे बघत होते. फिटर माणूस, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"साहेब, कंपनीत पस्तीस वर्सं पाइपच्या जोडातल्या रबरी गॅस्केटला मी तेलाचा हात लागू दिला नाय. नव्या पोरांना त्यावरून शिव्या घातल्यात." पुढे काही बोलायच्या आधी त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "घरात मात्र देवाचं म्हणून पुसत राह्यलो."

मी त्यांना म्हटलं की टायरचं वयच झालं होतं, तेल लावलं नसतं तरी तो धोक्याचाच होता. ते खरं होतं. त्यांनी ऐकलं, मान हलवली. पण ते त्यांच्या कामाचं नव्हतं. त्यांनी विचारलं, तो टेंपोवाला कुठे आहे? तुरुंगात, एकोणीस दिवस झाले, असं सांगितल्यावर ते पायरीवरच बसले.

चालकाविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी दुसऱ्याच दिवशी कोर्टात पाठवला. तो सुटून ठाण्यात आपलं लायसन घ्यायला आला, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा बसायला खुर्ची दिली. तो बसला नाही. ताडपत्रीचं मी तेव्हा विचारलं. पेंढ्यावरची काढून त्यानेच घातली होती, उन्हात माणूस उघडा पडलाय म्हणून. टेंपोवर मालकाने दुसरा चालक ठेवला होता. आता काय करशील, या माझ्या प्रश्नावर तो म्हणाला, बघू. माफी मागायचे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. वर्दीतल्या माणसाला ते बाहेर काढता येत नाहीत, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. मला जमलं नाही, इतकंच.

या प्रकरणानंतर मी तो पंचनाम्याचा नमुना फाडून टाकला. प्रत्येक गाडीचा टायर वाकवून बघायचा, चार आकडे लिहून घ्यायचे, अशी शिस्त लावली. हाताखालची माणसं पाठीमागे हसायची, हसू दे. माणसाने कबूल केलं म्हणजे त्याने केलंच असं नाही, हेही मी शिकलो. काही लोक शेजारी घडलेल्या मृत्यूचा भारही आपलाच मानतात. असा माणूस समोर आला की आमच्यासारख्यांचं काम फार सोपं होतं, आणि तिथेच सावध राहायला हवं.

फाईल बंद होण्याआधी मयताचे वडील एकदाच ठाण्यात आले. त्यांना आपला जबाब वाचायचा होता. मी वाचून दाखवला. तेलाचं आणि पूजेचं मी एका ओळीत उरकलं होतं. त्यांनी ते सविस्तर लिहायला लावलं, कोणतं तेल, किती वर्षं, कुणी पुसलं. मी म्हटलं, काका, याची गरज नाही, तो माणूस सुटलाय. ते म्हणाले, "तो सुटला. माझं लिहा."

मी लिहिलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागदाकडे हात पुढे केला. मी त्यांना सांगितलं की पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, तसा कायदाच आहे. त्यांना ते पटलं नाही. कंपनीत ज्याच्या हातून चूक झाली त्याने अहवालाखाली सही केल्याशिवाय पाळी संपायची नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी पुन्हा तेच म्हटलं, इथे सही चालत नाही.

त्यांनी पेनाला टोपण लावलं नाही.

"मग मी कुठं करू, साहेब?"