फुकटचं टूल आणि धारचा तोलकाटा

"भिया, लाइन मांडू तक चली गई! अब ट्रॉली जहाज महल में खड़ी करूँ क्या?"

धारजवळच्या तोलकाट्याचे मालक, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सेठजी, फोनवर ओरडत होते. मी देवासच्या ऑफिसात होतो. फोन बंद केला असता तरी आवाज आला असता.

तोलकाटा म्हणजे भरलेल्या ट्रॉलीचं वजन करायचा काटा. हंगाम सोयाबीनचा, आकाशात ढग, आणि वजन दाखवणारं यंत्र सकाळी जळालेलं. नवं बसवलं, तर आमचं सॉफ्टवेअर त्याला ओळखेना.

"शाम तक नहीं चला तो दूसरा सॉफ्टवेयर वाला देख लूँगा."

आमची कंपनी तीन माणसांची. सेठजी गेले की तिघंही घरी.

काम दहा मिनिटांचं होतं. मी टूल उघडलं. टूल म्हणजे ज्यात सॉफ्टवेअर बनवतात ते, आमची करवत आणि रंधा. करवतीनं सांगितलं, लायसन्स संपलं.

हे टूल आम्हाला एका विदेशी कंपनीनं फुकट दिलं होतं. तिचा माणूस देवासच्या हॉटेलात आला, पत्रकं वाटली, गरम कचोऱ्या वाटल्या. बशीसाठी रांग होती. मी पत्रकावरच घेतल्या. अकरा खाल्ल्या, आणि सातवीलाच त्या कंपनीचा भक्त झालो.

खरी गोष्ट पुढं कळली. कंपनीला टूल विकायचंच नसतं. तिला आपलं क्लाउड भरायचं असतं. क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे तिचे कॉम्प्युटर, महिन्याच्या भाड्यानं. त्यासाठी सॉफ्टवेअर बनवा, टूल कायम फुकट. गिऱ्हाइकाच्या साध्या कॉम्प्युटरसाठी बनवा, तर थोडी वर्षं फुकट, मग असा भाव की त्यात मांडूचा दुसरा किल्ला उभा राहील. कुणी ढकलत नाही हो, नुसता उतार करून ठेवतात.

आणि सेठजींच्या काट्यावर इंटरनेट कुठलं? नेटवर्कसाठी ते कडुनिंबावर चढायचे. उतरेपर्यंत रिचार्ज संपायचं.

तेव्हा आठवल्या सुमनताई. आता रिटायर आहेत. पूर्वी आमच्या सीनियर होत्या, त्या हॉटेलातही बरोबर होत्या. जुन्या दरबारी घरातल्या, आजेसासरे संस्थानच्या दप्तरात. टूल आलं त्याच आठवड्यात म्हणाल्या, "वजन वाचायचा भाग ह्यात करायचा नाही." तो त्यांनी वेगळा लिहिला, कुठल्याच कंपनीची मालकी नसलेल्या साध्या भाषेत. टूलमध्ये नुसता रंगीत पडदा राहिला. दोन महिने जास्त लागले. मी रोज विचारायचो, "ताई, भरतकाम झालं का?"

त्यांचा भाग उघडला. चार ओळी बदलल्या. पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि बाइकवर इंदूर ओलांडून धारला असा पोचलो, की माझी सावली मागाहून आली.

काळ्या पडद्यावर पांढरे आकडे उमटले. ट्रॉल्या हलल्या. पाऊस आला तेव्हा शेवटची ट्रॉली शेडखाली होती.

सेठजी पडद्याकडे बघत राहिले. "कलर कहाँ गया?"

"कंपनी ले गई, सेठजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवासच्या टेकडीखाली ताईंच्या घरी गेलो. वाकून नमस्कार केला, ह्या वेळी अगदी मनापासून.

"ताई, तुमच्यामुळं तीन घरं चालू आहेत. तुम्हाला तेव्हाच कसं कळलं?"

ताई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाव पत्रकाच्या मागं छापले होते. मी कचोरी बशीत घेतली होती."