आंब्याच्या ढोलीतली जोडी

जानेवारीतल्या एका सकाळी मी आणि माझा मित्र घुबडं शोधायला गोव्यातल्या साखळीजवळच्या एका गावात गेलो. दोन तास हिंडूनही काही दिसलं नाही. शेताच्या बांधावर एका वयस्क बाईने हटकलं, "काय बघतात?"

घुबडाचं नाव काढलं की काही लोक चिडतात, म्हणून मित्र म्हणाला, "पोपट, मावशी."

"पोपट काय, हंय थंय खंयय दिसतत. त्या आंब्याच्या ढोलीत घुबडां आसत, ती बघा."

ढोलीच्या तोंडाशी दोन गव्हाणी घुबडं एकमेकांना टेकून झोपली होती. मित्र ओशाळला.

"लोक अपशकुनी म्हणतात ना?" मी विचारलं.

"म्हणूंदेत. उंदीर खातत, म्हणान माझां भात शाबूत रवता."

मित्राने तिच्या हातात दुर्बीण दिली. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"तोंडां बरी आसत गो," ती स्वतःशीच म्हणाली.