कागदावरचा धाकटा

लातूरच्या एका क्लासच्या होस्टेलात पहाटे पाचला घंटा वाजवत फिरणारा सव्वासहा फुटी रेक्टर, हा माणूस एके काळी महाराष्ट्राच्या ज्युनिअर बास्केटबॉल संघाचा कॅप्टन होता, असं कुणी सांगितलं तर तिथली पोरं तोंडावर हसायची. हसू देत. त्यांना फिजिक्सच्या पुस्तकापलीकडचं जग कुठं ठाऊक होतं! सिद्धेश्वरही त्यांना कधी काही सांगायच्या फंदात पडला नाही. सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

त्याचं गाव औशाच्या खालच्या अंगाला. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात गणपती बुडवून आल्यावर सतरा वर्षांचा सिद्धेश्वर मित्रांबरोबर मारुतीच्या पारावर आडवा झाला. चौदा वर्षांचा धाकटा संगमेश्वरही तिथंच निजायचं म्हणून हटून बसला होता. "जा घरी, मोठ्यांत काय काम तुझं?" म्हणून यानंच त्याला हाकललं. पहाटे भूकंप झाला. अप्पा आणि माय, म्हणजे विरूपाक्ष आणि महादेवी, दारापाशी निजले होते म्हणून वाचले. आतल्या खोलीत दगडमातीचं माळवद संग्यावर आलं. माय त्या दिवशी रडली नाही. नुसती बसून राहिली, आणि पुढं कित्येक दिवस बसूनच होती.

महिनाभरानं नांदेडच्या एका संस्थेची जीप आली. भूकंपातली लेकरं शिकायला नेणार, खाणंपिणं फुकट, अट एवढीच की पोरगा पंधराच्या आतला हवा. शाळेचं दप्तर ढिगाऱ्याखाली गेलेलं. हेडमास्तर पत्र्याच्या शेडमध्ये नवे दाखले लिहीत बसले होते. त्यांनी विचारलं, "जन्मतारीख?" अप्पांनी संग्याची तारीख सांगितली. आता अप्पा भानावर नव्हते, की चांगले भानावर होते, हे देवालाच माहीत. सिद्धेश्वर शेजारीच उभा होता. त्यानं ऐकलं आणि तोंड उघडलं नाही.

नांदेडला निजामोद्दीन सर खेळ शिकवायचे. त्यांनी हा पोरगा पाहिला आणि दाखला पाहिला. "चौदा? आणि एवढा उंच? या अल्लाह!" म्हणाले, आणि चेंडू हातात दिला. पुढची चार वर्षं काय सांगावीत! आपल्याहून तीन-तीन वर्षांनी लहान पोरांत हा उतरायचा, आणि ती बिचारी याच्या खांद्याला लागायची. पेपरात फोटो, गावात सत्कार, राज्याच्या ज्युनिअर संघाची कॅप्टनकी. मग सीनिअर संघात गेला. तिथं सगळेच उंच, सगळेच दांडगे. तिथं हा दहांतला एक झाला, पुढं बारावा, म्हणजे बाकावर बसणारा. दोन हजार सालात गुडघा गेला आणि बास्केटबॉल संपला.

पण माणसाच्या मनात एक कुसळ राहतं बघा. आपण खरंच खेळाडू होतो, की नुसतेच लहान पोरांत घुसलेले थोराड? होस्टेलातले दिवे मालवताना, मेसमधली भांडी मोजून घेताना, रोज हाच प्रश्न. उत्तर देणारं कुणी नव्हतं. बायको तर लग्नानंतर दोन वर्षांतच, "तुमी हितं नसताच," म्हणून उदगीरला माहेरी निघून गेली होती.

आणि दोन हजार सातच्या मे महिन्यात निजामोद्दीन सरांचा फोन आला. "सिद्धू, पुण्याची एक कंपनी पगारी टीम काढून राहिली. दोन वर्षांचा करार. निवड नांदेडलाच हाय. वय तिसाच्या आत पायजे. तुझं अठ्ठावीसच चालू ना?"

"हाव सर," सिद्धेश्वर म्हणाला. खरं वय एकतीस.

महिनाभर तो घंटेच्या आधी उठून पळाला. गुडघ्याला पट्टा बांधला. क्लासच्या पार्किंगमध्ये भिंतीवर खडूनं गोल काढून चेंडू मारला. पोरं खिडकीतून बघायची. "रेक्टर येडा झाला," म्हणायची. निवडीच्या दिवशी मात्र त्याचा हात असा काही बसला की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. लांबून मारलेले अकरांतले नऊ पडले. सरांनी मिठी मारली. सात वर्षांत सिद्धेश्वर पहिल्यांदा पोटभर जेवला.

मग कागद आडवे आले. वय चोरणारे खेळाडू काही थोडे नसतात, म्हणून कंपनीनं गावाकडचा पुरावा मागितला. गावात भूकंपाच्या वेळचा घराघराचा तक्ता होता. जिवंत: विरूपाक्ष, महादेवी, सिद्धेश्वर, वय सतरा. मयत: संगमेश्वर, वय चौदा. ग्रामसेवक भला माणूस. म्हणाला, "वयं उलटी पडली म्हनू. गडबडीत झालं असंल. पर आईचा जबाब लागंल. मेला तो थोरला व्हता, एवढं सांगायचं." अप्पा दोन वर्षांमागंच गेले होते. राहिली माय.

सिद्धेश्वर चार दिवस गावात थांबला, तिच्याकडं विषय काढायची हिंमत होईना. शेवटी चुलीपाशी बसून सगळं सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"तुझं काम व्हतंय का त्यानं?" तिनं विचारलं.

"हाव."

"चल मंग."

तहसिलात नायब तहसीलदार तरुण होते. चांगलं बोलत होते. "आजी, गेलेला मुलगा थोरला की धाकटा?"

"थोरला," माय म्हणाली. एवढ्यावर काम झालं होतं. पण साहेबांना वाटलं, म्हातारीची जरा विचारपूस करावी. "कसा होता तो?"

आणि माय बोलायला लागली. "लई गुणाचं लेकरू वो सायेब. नवव्या म्हैन्यातच चालाया लागलं. बारीक व्हता तवाच हात लांब लांब. एकदा हिरीत पडला, म्या लुगडं सोडून वर वढला. गोड खायाचा न्हाई, त्याला तिखट लागायचं. उंच उंच झाला असता…" आणि चौदा वर्षांत न रडलेली बाई तिथं, फायलींच्या मधोमध, धाय मोकलून रडली.

सिद्धेश्वर मागं उभा होता. विहिरीत पडलेला तो होता. लांब हात त्याचे होते. जिवंत आईच्या तोंडून आपलंच मरण ऐकायची पाळी वैऱ्यावरसुद्धा येऊ नये. त्यानं तिला थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. करार डोळ्यापुढं होता ना! सही झाली, शिक्का पडला, आणि दोघं परतीच्या एसटीत बसले.

ऑगस्टात तो पुण्याला गेला. शिबिर तीन आठवड्यांचं, करारावर सही त्यानंतर. पहिले चार दिवस बरे गेले. मग वीस-बावीसची पोरं त्याच्या बगलेतून अशी निसटायला लागली की हा वळेपर्यंत चेंडू जाळीत. नवव्या दिवशी गुडघा सुजून भोपळा झाला. बाराव्या दिवशी प्रशिक्षकानं बाजूला बोलावलं. माणूस वाईट नव्हता.

"हात चांगला आहे तुमचा. खरंच चांगला आहे. पण इथं सगळ्यांचाच हात चांगला असतो. अठ्ठाविसाव्या वर्षी पाय असे कसे झाले हो?"

सिद्धेश्वर इतकी वर्षं स्वतःला जे विचारत होता त्याचं उत्तर मिळालं होतं. हात त्याचा होता, बाकी सगळं तीन वर्षांचं उसनं बळ होतं. त्याच संध्याकाळी सामान बांधून तो लातूरला आला. रेक्टरची जागा क्लासनं भरून टाकली होती. रोज शंभर माणसं दारात उभी असताना कोण कुणासाठी थांबतंय?

तीस सप्टेंबरला तो गावी गेला. दरसाल त्या दिवशी भूकंपात गेलेल्यांना फुलं वाहतात. यंदा ग्रामपंचायतीनं नावांचा फलक नव्यानं रंगवून घेतला होता, आणि पेंटरनं यादी दप्तरातूनच उतरवली होती. सिद्धेश्वर वाचत वाचत आला आणि थबकला. संगमेश्वर विरूपाक्ष, वय सतरा.

पारावरून हाकललेलं चौदा वर्षांचं पोरगं, त्याचं वयसुद्धा आपण ठेवलं नाही! तो तसाच ग्रामसेवकाकडं गेला. "हे दुरुस्त करा. काय लागंल ते करतो."

"आईचा जबाब लागंल," ग्रामसेवक म्हणाला. "मागचा चुकला म्हनून पुन्ना सांगावं लागंल. धाकटाच गेला म्हनून."

माय घरी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. सिद्धेश्वर तिच्या पुढ्यात उकिडवा बसला. म्हणाला, "माय, एकदा चल अजून. चुकलं माझं. काम तर झालं न्हाईच, निदान संग्याचं वय तरी नीट करू."

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "म्या न्हाई येनार."

"अगं, फलकावर लिवलंय तसं! लोक वाचत्यात."

"वाचू दे."

"अगं पर मी जिता असताना थोरला मेला म्हनून…"

"तू जिता हाईस न्हवं?" मायनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मंग तुला कागद कशाला पायजे? तुझ्यासाठी त्या दिवशी थोरल्याला मारलं म्या, सायबाम्होरं, माझ्या तोंडानं. तवापासून कागदावर धाकटा जिता हाय. अठ्ठावीस वर्सांचा झालाय. आता त्याला पुन्ना मार म्हनतोस?" तिनं सूप जवळ ओढलं. "माझ्यानं न्हाई व्हनार बाबा. एकेकाला किती डाव मारू?"